अपयशाचा धनी कोण?

नागपूरच्या सदर भागातून सिव्हिल लाइन्सकडे निघाले की विदर्भ क्रिकेट संघटनेचे जुने मैदान लागते. मोठे आंतरराष्ट्रीय सामने २००८ पासून शहराबाहेर जामठ्याच्या नव्या मैदानावर होऊ लागले, तरी आपल्याकडील कित्येक कुटुंबांचा क्रिकेटशी स्नेह जडला तो या जुन्या मैदानामुळेच. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आवारात जे घोळके रेंगाळतात, त्यांत संघनिवडीवरून आणि कर्णधारावरून वाद रंगलेले आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अलीकडे या वादांत एक नवे पात्र शिरले आहे. ते म्हणजे प्रशिक्षक. पूर्वी त्याचे नावही कोणाला ठाऊक नसे. आता संघ हरला की पहिला उद्गार असतो, ‘याला अजून ठेवला कशाला?’

हा उद्गार वरवर पाहता खेळापुरता आहे. परंतु त्याच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. आपण एखाद्या माणसावर काम सोपवतो, तो ते मनापासून करतो, आणि तरीही हाती फळ येत नाही. अशा वेळी त्याला ठेवावे की निरोप द्यावा, आणि हे ठरवताना कशाचा आधार घ्यावा? शाळेच्या व्यवस्थापक मंडळापासून पतपेढीच्या संचालकांपर्यंत सर्वांपुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. आम्ही येथे क्रिकेटचाच दाखला घेणार आहोत, कारण माणूस गमावणे, माणूस मिळवणे आणि माणूस राखणे या तिन्ही गोष्टींचा अनुभव विदर्भाच्या संघाने गेल्या काही वर्षांत घेतला आहे.

विदर्भ रणजी करंडक स्पर्धेत उतरला तो १९५७-५८ च्या हंगामात. पुढची साठ वर्षे या संघाने अंतिम सामन्याचे तोंड पाहिले नाही. तिकडे मुंबईची गोष्ट अगदी उलट. तिने २०१५-१६ साली आपला एक्केचाळिसावा करंडक उचलला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. भारतासाठी पाच कसोटी सामने खेळलेला हा यष्टिरक्षक मुंबईचाच. २००२-०३ आणि २००३-०४ ही मुंबईची विजेतेपदेही त्यांच्याच मार्गदर्शनाखालची. पुढच्या, म्हणजे २०१६-१७ च्या हंगामात मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली. पण जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर गुजरातने ३१२ धावांचे लक्ष्य गाठून इतिहासात प्रथमच करंडक जिंकला. पार्थिव पटेल याने त्या डावात १४३ धावा काढल्या. दोन हंगामांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद, असे प्रगतिपुस्तक एखाद्या मुलाने घरी आणले असते तर आईने शेजारीपाजारी पेढे वाटले असते. मुंबईने मात्र पुढच्या हंगामासाठी समीर दिघे यांची नेमणूक केली, आणि पंडितांना विदर्भाने बोलावून घेतले.

त्यानंतर जे घडले ते नागपूरकर अजून विसरलेले नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचा संघ उपान्त्यपूर्व सामना खेळण्यास आमच्याच जामठ्याला आला आणि कर्नाटकाकडून एक डाव व २० धावांनी हरला. त्याच कर्नाटकाला विदर्भाने कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपान्त्य सामन्यात ५ धावांनी हरविले. रजनीश गुरबाणी याने दुसऱ्या डावात ७ गडी बाद केले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी, ज्या होळकर मैदानावर वर्षभरापूर्वी पंडित मुंबईबरोबर हरले होते, त्याच मैदानावर फैझ फझलच्या विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून नमविले. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याला सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करून विदर्भाने करंडक राखला.

गोष्ट इतकी सुबक आहे की तिच्यावर विश्वास टाकताना थोडे सावध राहिले पाहिजे. ‘मुंबईने हिरा टाकला, विदर्भाने उचलला’ असे म्हणून टाळी घेणे सोपे आहे, आणि आम्हीही ती अनेकदा घेतली आहे. परंतु ईडन गार्डन्सवरील त्या ५ धावांचा विचार करा. कर्नाटकाचा एखादा चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून सीमापार गेला असता, एखादा झेल हातातून निसटला असता, तर विदर्भ उपान्त्य फेरीतच संपला असता. मग पंडित शिक्षक म्हणून तसूभर तरी उणे ठरले असते काय? त्यांनी त्या मुलांकडून करून घेतलेला सराव, लावलेली शिस्त, पहाटेचे कष्ट सारे जसेच्या तसे राहिले असते; बदलला असता तो केवळ धावफलक. इंदूरच्या पराभवाने ज्यांनी पंडितांना उणे ठरविले आणि इंदूरच्याच विजयाने ज्यांनी त्यांना मोठे ठरविले, त्या दोघांचा तराजू एकच होता, आणि तो तराजूच खोटा होता, असे आम्हांला वाटते.

येथे कोणी म्हणेल की मग मोजायचे तरी कशाने? फळावरून झाड ओळखावे हे तर आपण सारेच मानतो. खरे आहे. परंतु प्रशिक्षकाचे फळ करंडक नव्हे, खेळाडू आहे. करंडक हे अकरा जणांचे, प्रतिस्पर्ध्याचे, खेळपट्टीचे आणि दैवाचे मिळून झालेले फळ. प्रशिक्षकाच्या हाती असते ते एवढेच की काल ज्या मुलाला आखूड टप्प्याच्या चेंडूची भीती वाटत होती, तो आज त्याला सामोरा जातो की नाही. याचे मोजमाप वर्तमानपत्रात छापून येत नाही, म्हणून ते कोणी करत नाही.

पंडित हे शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. त्यांना कोणी ‘ठेवले’ नव्हते, म्हणून कोणी काढण्याचाही प्रश्न नव्हता. गुरूची मुदत भरत नाही, त्याचा करार नव्याने करावा लागत नाही. आपल्या मनात ‘सर’ या शब्दाभोवती जो आदर आहे तो या परंपरेतून आलेला आहे, आणि आजच्या प्रशिक्षकाकडून आपण नकळत त्याच आदराला साजेशा त्यागाची अपेक्षा करतो. त्याला वागवतो मात्र कंत्राटदाराप्रमाणे. दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवावयास हवे. ओघात आले म्हणून सांगतो, ज्यांच्या नावाने सरकार १९८५ पासून हा पुरस्कार देते, ते द्रोणाचार्य मात्र कुरुकुलाने नेमलेले, पोटासाठी राजाश्रय पत्करलेले प्रशिक्षक होते. आपला अर्जुन पहिला राहावा यासाठी त्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला. निकाल मनासारखा लागला, नेमणूक करणारे खूश झाले असतील. पण त्या दिवशी द्रोणांमधला शिक्षक कोठे होता, हे आम्हांला अजून उमगलेले नाही. केवळ निकालावर प्रशिक्षकाला तोलणाऱ्या मंडळाने ही कथा एकदा वाचून पाहावी.

याचा अर्थ, एकदा नेमलेल्या माणसाला कधीच हलवू नये, असा मुळीच नाही. उलट आमचे मत बरेच कठोर आहे. केवळ हरला म्हणून कोणाला काढू नये. आणि शिकवणे थांबले असेल तर जिंकत असतानाही ठेवू नये. संघ ही प्रशिक्षकाच्या उदरनिर्वाहासाठी काढलेली संस्था नव्हे. खेळाडूच्या आयुष्यात खेळाची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. ‘बिचारा प्रामाणिक आहे, राहू द्या’ असे म्हणून ज्याचे बोलणे मुलांपर्यंत पोहोचत नाही अशा माणसाला आपण तीन वर्षे ठेवतो, तेव्हा आपल्या दयेचा खर्च ती मुले आपल्या आयुष्यातून करत असतात. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या या दानाला करुणा म्हणण्यास आम्ही तयार नाही.

तथापि, शिकवणे खरोखर थांबले आहे की ते कोणाला नकोसे झाले आहे, हे ओळखणे कठीण असते. अनिल कुंबळे यांची गोष्ट पाहा. २०१६ च्या जूनमध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. वर्षभरात संघ केवळ एक कसोटी हरला. १८ जून २०१७ रोजी चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून हार झाली आणि दोनच दिवसांनी कुंबळेंनी राजीनामा दिला. कर्णधाराला आपली कार्यपद्धती मान्य नाही, असे आपणांस कळविण्यात आल्याचे त्यांनी जाहीर केले. प्रशिक्षकाचे काम संघापुढे आरसा धरण्याचे आहे, अशा आशयाचेही लिहिले. आता आरसा नकोसा वाटणे हा दोष आरशाचा की चेहऱ्याचा? आणि दुसरी बाजूही आहे: ज्याच्यापुढे आरसा धरावयाचा त्याने डोळेच मिटून घेतले असतील, तर आरसा कितीही स्वच्छ असून उपयोग काय? कुंबळेंनी स्वतःहून बाजूला होणे पत्करले, यात त्यांचा मोठेपणा होता. पण ज्यांनी त्यांना नेमले त्यांनी हा प्रश्न तोंड उघडून सोडविला असता तर अधिक बरे झाले असते.

आमच्या मते खरी गोम येथेच आहे. प्रशिक्षकाला काढणे हा बहुधा निर्णय नसतो, निर्णय टाळण्याची ती एक रीत असते. संघ हरतो तेव्हा त्यात निवड समितीचा वाटा असतो, मैदान वेळेवर न देणाऱ्यांचा असतो, सरावाला दांडी मारणाऱ्यांचा असतो, मुलाच्या कानात वेगळेच काही सांगणाऱ्या पालकांचा असतो. हे सगळे वाटे गोळा करून एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवले आणि त्याला वेशीबाहेर घालविले की बाकीचे सारे मोकळे. नवा माणूस येतो, हारतुरे होतात, आणि पहिल्याच चुका नव्या नावाने पुन्हा सुरू होतात. यशाच्या वेळी नेमका उलटा प्रकार. पंडित पुढे २०२२ साली कोलकाता नाइट रायडर्स या आयपीएल संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४ साली त्या संघाने विजेतेपद मिळविले तेव्हा लोकांच्या तोंडी अधिक नाव होते ते मार्गदर्शक गौतम गंभीर यांचे. २०२५ साली संघ आठव्या क्रमांकावर घसरला, आणि जुलै महिन्यात पंडित त्या संघातून बाहेर पडले. विजयाला वाटेकरी पुष्कळ मिळतात. अपयशाचा धनी मात्र एकच.

याच्या उलट वागणूकही आपल्याच नागपुरात पाहावयास मिळाली, ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडून खेळू लागला होता. २०१६-१७ च्या हंगामात दुखापतीमुळे त्याला मैदानात उतरता आले नाही, तरी संघटनेने त्याचे ठरलेले मानधन दिले. ही गोष्ट त्याने मनात ठेवली. पुढच्या २०१७-१८ च्या हंगामात तो विदर्भाकडून मानधन न घेता खेळला. इंदूरच्या अंतिम सामन्यातील विजयी फटका त्याचाच होता, आणि २०१८-१९ च्या हंगामात, वयाची चाळिशी पार करून, त्याने हजाराहून अधिक धावा काढल्या. करारात यांतले काहीच लिहिलेले नव्हते. जायबंदी माणसाला हिशेबातून वगळणे संघटनेला कायद्याने शक्य झाले असते, आणि पुढच्या वर्षी पुरे पैसे मागून घेणे जाफरलाही. दोघांनीही ते केले नाही. ठेवावे की काढावे या प्रश्नाचे उत्तर आम्ही शोधत आहोत ते करंडकात नव्हे, अशा ठिकाणी.

२०२० साली पंडित विदर्भ सोडून मध्य प्रदेशाकडे गेले. कोणी कोणास सोडले याचा खल करण्यात अर्थ नाही. जून २०२२ मध्ये त्यांच्या मध्य प्रदेशाने बंगळुरूला अंतिम सामन्यात मुंबईलाच हरविले. १९९९ साली याच मैदानावर, मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना, ते अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी त्यांनी ते शल्य काढले. विदर्भाची मात्र आता घसरण होणार असे पुष्कळांना वाटले, आम्हांलाही. मार्च २०२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी. म्हणजे नेमकी मुंबईची २०१७ सालची स्थिती: अंतिम सामन्यापर्यंत आणणारा आणि तेथे हरणारा प्रशिक्षक. विदर्भाने त्यांना ठेवले. पुढच्या हंगामात उपान्त्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवून संघ पुढे गेला, आणि २ मार्च २०२५ रोजी जामठ्याला केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिल्यावर पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने तिसरा करंडक मिळविला. हर्ष दुबे याने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. कर्णधार होता अक्षय वाडकर, ज्याने २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात, पंडितांच्या देखरेखीखाली, शतक झळकावले होते.

या शेवटच्या तपशिलाचे आम्हांला फार महत्त्व वाटते. गनींना ठेवले म्हणून करंडक मिळाला, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर मघाचाच खोटा तराजू पुन्हा हाती घेतल्यासारखे होईल. पण पंडितांनी घडविलेला मुलगा त्यांच्या पश्चात उभा राहिला, पुढे कर्णधार झाला आणि दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तितक्याच निष्ठेने खेळला, यावरून पंडितांचे शिकवणे खरे होते हे कळते. ज्याच्या जाण्याने सारे कोसळते तो चांगला शिक्षक, अशी आपली भाबडी समजूत आहे. आम्हांला वाटते की ज्याच्या जाण्यानंतरही काही काळ सारे नीट चालते, त्याचे काम अधिक सकस असते.

बंगळुरूला पंडितांसमोर हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते. तेही आचरेकरांचेच शिष्य, भारताच्या टोपीवाचूनच कारकीर्द संपलेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरल्यावर त्यांच्यावर किती आग पाखडली गेली, ते वाचकांना आठवत असेल. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत त्या मुलींनी चषक उंचावला तेव्हा आग पाखडणारे कोठे होते? बहुधा टाळ्या वाजवत होते. आम्हीही त्यांत होतो.

आपल्या धर्मग्रामांत बदलीची वेळ आली की असाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. कॅनन लॉमध्ये धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य असावे आणि म्हणून त्याची नेमणूक अनिश्चित काळासाठी व्हावी, असे तत्त्व आहे. बिशप परिषदेने मुभा दिली असेल तरच ठराविक मुदतीची नेमणूक करता येते. मुदतीची पद्धत रूढ झाली त्यालाही सबळ कारणे आहेत. पण ‘आमच्या फादरांना नेऊ नका’ असे अर्ज आपण लिहितो, तेव्हा ते त्यांच्या कामासाठी की आपल्या सवयीसाठी, हे तपासून पाहण्याजोगे असते.

आता एक गोष्ट आमच्या स्वतःच्या खात्यातली. पुष्कळ वर्षांपूर्वी तरुणांच्या एका फुटबॉल संघाच्या समितीवर आम्ही होतो. मुलांना शिकविण्यासाठी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येत. पैसा घेत नसत. पहाटे साडेपाचला सायकलवरून, हँडलला चेंडूंची जाळी अडकवून, थंडीत कानटोपी घालून येत. सलग दोन वर्षे संघ अंतिम सामन्यात हरला. समितीच्या बैठकीत कोणी म्हणाले, ‘काळ बदलला, नवा माणूस हवा.’ नवा माणूस खरोखर हवा होता की नाही याची चर्चा झालीच नाही. मुले काय शिकली, हे कोणी मुलांना विचारले नाही. मैदानाच्या भाड्याची सोय आम्ही वेळेवर केली नव्हती, त्यामुळे त्या वर्षी दीड महिना सराव बंद होता, ही गोष्ट बैठकीतील प्रत्येकाला ठाऊक होती आणि प्रत्येक जण ती सोयीस्करपणे विसरला. हात वर करण्याची वेळ आली तेव्हा आमचाही हात वर गेला. निर्णय कदाचित बरोबरही असेल. नव्या प्रशिक्षकाने वाईट शिकविले असे नाही. पण ठरल्याचे त्यांना सांगावयास कोण जाणार, यावर सगळे एकमेकांकडे पाहत राहिले, आणि शेवटी कोणीच गेले नाही. सोमवारी पहाटे ते नेहमीप्रमाणे आले. मैदानात दुसऱ्याच्या गळ्यात शिट्टी होती. मुलांनी सांगितले की ते काही बोलले नाहीत. चेंडूंची जाळी गोलखांबाला टांगली आणि सायकल वळवून गेले.

चार-पाच महिन्यांनी सदरच्या बाजारात ते अचानक समोर आले. टाळता येण्याजोगी वाट नव्हती. आम्ही काहीतरी सारवासारव करण्याच्या बेतात होतो, तोच त्यांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि विचारले, ‘‘आपल्या त्या गोलकीपरचा डावा गुडघा दुखत होता. डॉक्टरला दाखवला का हो कोणी?’’

आम्हांला ते ठाऊक नव्हते.